रोजची टर्बो हॅचबॅक ट्रॅकवर नेली तर काय होतं?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. 2021 ची फोक्सवॅगन पोलो, 1.0 टीएसआय (म्हणजे एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन), सहा गिअरची मॅन्युअल, 46,000 किलोमीटर झालेली. पुढच्या महिन्यात कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे आहे, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस. पुण्याहून गाडी चालवतच न्यायची, शनिवार-रविवार ट्रॅकवर पळवायची आणि मंगळवारी सकाळी त्याच गाडीने हिंजवडीला ऑफिस गाठायचं. काहीही न बदलता नेली तर टिकेल का? एक मित्र म्हणतो आधी रीमॅप कर, म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढव. दुसरा म्हणतो मागे ड्रम ब्रेक असलेली गाडी ट्रॅकवर नेऊच नये.

टिकेल. दोन्ही मित्रांना चहा पाजा, पण त्यांचं ऐकू नका. बरीच वर्षं मी लोकांच्या रोजच्या गाड्या ट्रॅकसाठी तयार करून देतोय आणि शेजारच्या सीटवर बसून शिकवतोय. एवढ्या काळात ताकद कमी पडली म्हणून ट्रॅकवरून हिरमुसून परत आलेला माणूस मला भेटलेला नाही. उष्णता निघून गेली नाही म्हणून परत आलेले मात्र पुष्कळ. ब्रेक, टायर, इंजिन, गिअरबॉक्स, सगळीकडे भानगड एकच असते. रस्त्यावरची गाडी तापायची सोय असते दहा सेकंदांची आणि निवायची दहा मिनिटांची. ट्रॅकवर हे गणित उलटं होतं.

आधी एक समजूत काढून टाकू. 2010 पासून काही वर्षं आपल्याकडे पोलोचीच शर्यतमालिका झाली, त्यामुळे 'पोलो म्हणजे मुळात रेसची गाडी' असं म्हणणारे भेटतात. त्या गाड्यांना आत लोखंडी पिंजरा होता, सस्पेन्शन वेगळं होतं, टायर वेगळे होते. तुमच्या गाडीशी त्यांचं नातं चुलत-चुलत भावाचं. परदेशातही तेच. 2019 मध्ये रेनॉच्या मेगान आरएस ट्रॉफी-आरने जर्मनीच्या न्यूरबुर्गरिंगवर 7 मिनिटं 40.1 सेकंदांचा लॅप मारला. गाडी विकत मिळणारी होती हे खरं, पण तिला मागची सीटच नव्हती, साध्या ट्रॉफीपेक्षा ती 130 किलो हलकी होती आणि विक्रमाच्या गाडीला कार्बन-सिरॅमिक डिस्क होत्या. आपल्याकडच्या बहुतेक 'हॉट' हॅच, म्हणजे जास्त ताकदीच्या हॅचबॅक, खरं तर कोमटच आहेत, आणि ट्रॅक शिकायला कोमट गाडी बरी. चुका हळू होतात, दिसतात, सुधारता येतात.

आता ब्रेक. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

तुमची गाडी तुमच्यासकट साडेअकराशे किलो धरा. सरळ पट्ट्यावर 130 चा वेग आहे आणि वळणासाठी तो 60 वर आणायचाय. या एका ब्रेकिंगमध्ये साधारण 590 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे किती? पावणेदोन-दोन लिटर पाणी उकळायला लागते तेवढी. घरच्या गॅसला त्यासाठी सहा-सात मिनिटं लागतात, तुमचे ब्रेक ते अडीच-तीन सेकंदांत करतात. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे यातला साधारण तीन-चतुर्थांश वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. एक डिस्क पाचेक किलोची असेल तर तिचं तापमान त्या एका ब्रेकिंगमध्ये 80 ते 90 अंशांनी चढतं. ती पुरती निवायच्या आत पुढचं वळण येतं. करी ट्रॅक 2.1 किलोमीटरचा, आखूड आणि वळणावळणांचा. दोन-तीन लॅपमध्ये डिस्क तीनशेच्या पुढे गेली तर नवल नाही.

डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून थांबवणाऱ्या साध्या ब्रेक पॅडची शुद्ध साडेतीनशे-चारशे अंशांच्या आसपास हरपायला लागते. आंबेनळी घाट उतरताना जो करपल्याचा वास येतो, तो याच वाटेवरचा पहिला मैलाचा दगड. पॅड थकले की पेडल कडकच राहतं, पण पायाखाली लाकडाचा ठोकळा असल्यासारखं वाटतं. दाबता आहात आणि गाडी मात्र ऐकत नाही. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण तो हळूहळू येतो आणि आधी कुरकुरतो.

दुसरा प्रकार न सांगता येतो. डिस्कची उष्णता पॅडमधून, पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 155 अंश आहे. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो आणि तो जातच राहतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझा पहिला ट्रॅक डे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर झाला. गाडी स्वतःची, रोजची, पेट्रोल हॅचबॅक. जाण्याआधी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं होतं आणि बिलावर 'ब्रेक ऑइल बदलले' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. चौथ्या लॅपला सरळ पट्टा संपला, पाय ठेवला आणि पेडल थेट मॅटपर्यंत गेलं. दोनदा भराभर पंप केलं, थोडा दाब आला, गिअर खाली टाकत गेलो आणि डांबर सोडून बाहेरच्या मातीत पन्नासेक मीटर जाऊन थांबलो. गाडीला काही झालं नाही, मला झालं. नंतर पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करायच्या आवारात, एका जुन्या मेकॅनिकने ब्रेकचं नीपल सैल करून ऑइल बाटलीत काढलं. ते गुळाच्या काळ्या चहाच्या रंगाचं होतं. नवं ऑइल फिकट सोनेरी असतं. बिल खोटं होतं, पण झाकण उघडून आत बघायचे कष्ट मीही घेतले नव्हते.

म्हणून जाण्याआधी फक्त एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा. ब्रेक ऑइल स्वतः समोर उभं राहून बदलून घ्या, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून घ्या. डॉट 4 च्याच जातीचं, पण कोरडा उत्कलनबिंदू तीनशेच्या वर असलेलं ऑइल बाजारात मिळतं. कामासकट काही हजारांत भागतं. डॉट 5.1 ही चालतं, ते याच कुळातलं. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, त्याला हातही लावू नका. आकडा जवळचा दिसतो म्हणून लोक फसतात.

पॅडचं म्हणाल तर, सध्याच्या पॅडवर निम्म्याहून जास्त माल शिल्लक असेल तर पहिल्या ट्रॅक डेला तेच चालतील. बदलायचेच असतील तर रस्ता आणि ट्रॅक दोन्हीकडे चालणारे मधल्या जातीचे घ्या. निखळ रेसचे पॅड थंड असताना पकडतच नाहीत, आणि सकाळी सात वाजता वाकडच्या सिग्नलला तुमचे ब्रेक थंडच असणार. नवे पॅड ट्रॅकवर पहिल्यांदा घालू नका. त्यांच्यातला चिकट पदार्थ पहिल्या तापात वायू होऊन बाहेर पडतो आणि पॅड-डिस्कच्या मध्ये गादी तयार करतो. आधी मोकळ्या रस्त्यावर 80 वरून 20 वर असं आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता ब्रेक मारा, मग दहा मिनिटं ब्रेकला न लागता चालवा.

मागच्या ड्रमबद्दल. मागचे ब्रेक जेमतेम पाव वाटा उचलतात. या वजनाच्या आणि या ताकदीच्या गाडीला पंधरा मिनिटांच्या सेशनमध्ये ड्रम आडवे येत नाहीत. मागे डिस्क असलेल्या गाडीचेही आधी पुढचेच ब्रेक उकळतात. ड्रम गुंतागुंत करतात ती गाडी थांबल्यावर. तापलेला ड्रम फुगलेला असतो, त्यात हँडब्रेक ओढून ठेवला की निवताना तो लायनरवर आवळला जातो. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकला लागून गाड्या थांबवायच्या जागी, आल्यावर हँडब्रेक लावायचाच नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली लाकूड किंवा वीट सारा.

थांबताना पायही सोडायचा. एका तरुणाने करीवरच तीन जोरदार लॅप मारले, पिटच्या तोंडाशी माणसाने हात केला म्हणून थांबला, आणि दोन मिनिटं पेडल घट्ट दाबून गप्पा मारत बसला. लाल व्हायच्या बेतात आलेल्या डिस्कवर पॅडचा आयताकृती छाप उमटला. सेलमपासून पुण्यापर्यंत 90 च्या वर ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरत होतं. तो म्हणाला, "काका, डिस्क वाकडी झाली वाटतं." डिस्क सरळच होती, तिच्यावर पॅडचा माल चिकटला होता. म्हणून शेवटचा लॅप नेहमी थंड करायचा लॅप, शक्यतो ब्रेकला हात न लावता. खरं तर पाय.

टायरकडे येऊ. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत पुढच्या टायरांची अवस्था घरातल्या थोरल्या सुनेसारखी असते. वळवायचं त्यांनी, ओढायचं त्यांनी, थांबवायचंही बहुतेक त्यांनीच. मागचे पाहुण्यासारखे मागून येतात. त्यातही चेन्नईचा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, उजवी वळणं जास्त, त्यामुळे सगळा राग पुढच्या डाव्या टायरवर निघतो, आणि त्याच्याही बाहेरच्या कडेवर. कारण रस्त्याच्या गाडीला पुढच्या चाकाचा आतला कल, म्हणजे कॅम्बर, अगदी कमी दिलेला असतो. वळणात गाडी बाहेर कलली की टायर आपल्या खांद्यावर उभा राहतो.

तो किती उभा राहतोय हे बघायला दहा पैशांची युक्ती आहे. शाळेतला पांढरा खडू घ्या. पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडेवर, नक्षी संपते तिथून खाली बाजूच्या भिंतीपर्यंत, तीन ठिकाणी रेघ मारा. तीन लॅप मारून या आणि बघा. बऱ्याच टायरांवर खांद्याशी एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. खडू त्या त्रिकोणापर्यंत पुसला गेला असेल तर हवा ठीक. त्रिकोणाच्या खाली भिंतीवरही पुसला असेल तर टायर लोळतोय, हवा थोडी वाढवा. नक्षीच्या कडेवरही खडू शाबूत असेल तर हवा जास्त आहे. मी आजही हेच करतो, मोबाइलवर आकडे दाखवणारी उपकरणं आल्यावरही.

हवेचं गणित लक्षात ठेवा. टायरमधली हवा दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय चढते. सकाळी थंडीत 32 भरलेला पुढचा टायर चार लॅपनंतर 38 ते 40 दाखवेल. साध्या रस्त्याच्या टायरला, अशा वजनाच्या गाडीत, गरम असताना पुढे 36-38 च्या आसपास मला बरं वाटतं. त्याहून वर गेलं की टायर फुगून मधल्या पट्ट्यावर चालतो. म्हणून पिटमध्ये येऊन थोडी हवा सोडायची. पण इथेच दुसरा सापळा आहे. गरम असताना सोडलेली हवा रात्री टायर निवल्यावर 28-29 वर येते, आणि सोमवारी पहाटे तुम्ही तशाच गाडीने 100 च्या वेगाने महामार्गाला लागता. बॅटरीवर चालणारा छोटा पंप बरोबर ठेवा आणि निघण्याआधी कंपनीने सांगितलेली हवा भरा. हे विसरलेले लोक मी पाहिलेत.

नवे टायर घालून जाऊ नका. नव्या टायरची आठ मिलिमीटरची नक्षी डगमगते, तापते, आणि चौथ्या लॅपला टायर तेल लावल्यासारखा घसरायला लागतो. चार-पाच मिलिमीटर उरलेला टायर कोरड्या ट्रॅकवर जास्त प्रामाणिक असतो. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे, पण परतीच्या वाटेवर पाऊस लागला तर तीनच्या खालचा टायर मला नको.

गाडीच्या वागण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण बाकी सगळं तुम्हाला प्रशिक्षक शेजारी बसून सांगेल. या सगळ्या हॅचबॅक वेग जास्त झाला की नाकाने बाहेर सरकतात. स्टेअरिंग फिरवलंय पण गाडी सरळच चाललीय, असं. माणूस घाबरतो आणि अॅक्सिलरेटर एकदम सोडतो. भार झटकन पुढे येतो, मागचा हलका होतो, आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं आणि गाडी शेपूट फिरवते. कुत्रं खांबाशी एक पाय वर करून उभं राहतं ना, तसा फोटो बऱ्याच हॅचबॅकचा निघतो. दिसायला मजेशीर, पण आत बसलेल्याला मजा येत नाही. वेगवान वळणात पाय हळूहळू उचलायचा. आणि स्थैर्य नियंत्रण (ईएससी) असेल तर ते पहिल्या दिवशी बंद करू नका. फक्त एक लक्षात ठेवा, ही यंत्रणा एकेका चाकाचा ब्रेक स्वतःच दाबून काम करते. डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा सारखा लुकलुकत असेल, तर तुम्ही न मारलेले ब्रेकही तापताहेत. दिवा लागला की समजा, तुम्ही लवकर आणि जास्त अॅक्सिलरेटर देताय.

आता इंजिन. इथे लोकांना वाटतं तेवढी भीती नाही, कारण आजचं टर्बो इंजिन स्वतःची काळजी घेतं. आत येणारी हवा तापली की संगणक ठिणगी मागे घेतो, टर्बोचा दाब कमी करतो. चौथ्या लॅपला गाडी मंदावल्यासारखी वाटते ती यामुळे. बिघाड नाही, शहाणपणा आहे. रीमॅपवाला मित्र नेमका हाच शहाणपणा पैसे देऊन कमी करा म्हणतोय. 110 पीएसचे (अश्वशक्तीचे) 140 झाले तर सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग वाढेल, म्हणजे ब्रेकला जास्त काम, पुढच्या टायरला जास्त काम, कूलंटला जास्त काम. आणि ज्या वळणात तुमचा वेळ जातोय तिथे काहीच बदलणार नाही. रीमॅपच्या पैशांत आणखी दोन ट्रॅक डे होतात.

तापमानाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. फोक्सवॅगनच्या गाड्यांत तो 90 वर मुद्दाम बांधून ठेवल्यासारखा असतो. आतलं कूलंट ऐंशीला असो की शंभरच्या पुढे, काटा मधोमध. ग्राहकाला काळजी नको म्हणून केलेली सोय. स्टेअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावायचा छोटा रीडर घ्या, मोबाइलवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं खरं तापमान दिसतं. कूलंट 105 च्या वर चढत राहिलं की लगेच हळू व्हा, हीटर पूर्ण गरमवर टाका, पंखा जोरात. कोइम्बतूरच्या दुपारी हे करताना जीव नकोसा होतो, पण हीटर म्हणजे फुकटचा दुसरा रेडिएटरच. थांबल्यावर बॉनेट उघडा, कूलंटचं झाकण मात्र अजिबात उघडू नका.

इंजिन ऑइल बदलून सहा-सात हजार किलोमीटर झाले असतील तर जाण्याआधी बदला, कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचं. पातळी वरच्या खुणेपाशी ठेवा, वर नको. लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं आणि पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. पेट्रोलचंही तसंच, टाकी पावच्या खाली गेली की वळणात इंजिन उचक्या देतं. ट्रॅकवर तुमची गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटर देईल, त्यामुळे ट्रॅकवर शिरण्याआधीच पंप गाठून ठेवा.

तुमच्याकडे मॅन्युअल आहे, त्यामुळे गिअरबॉक्सची चिंता कमी. जुन्या 1.2 पोलो जीटीची किंवा आय20 एन लाइनची सात गिअरची पेटी कोरड्या क्लचची असते. गाडी पळत असताना ती कुरकुरत नाही. रांगेत सरकणं आणि थांब्यावरून झेप घ्यायचे प्रयोग तिला मारतात. 2025 मध्ये आलेल्या गोल्फ जीटीआयचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि पुढच्या चाकांना खरंखुरं डिफरन्शिअल लॉक असतं, म्हणजे वळणात आतलं चाक फुकट फिरत नाही. पण 265 पीएसची ती गाडी सरळ पट्ट्याच्या टोकाला तुमच्यापेक्षा खूप वेगाने पोचते, आणि उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. ताकदवान गाडीचे ब्रेक मोठे असतात आणि ते तितक्याच लवकर तापतात. पैसेवाल्याचा खर्चही मोठा, तसं.

बाकी गाड्यांबद्दलही लोक विचारतात म्हणून जाता जाता. रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो, 145 पीएस, चारही चाकांना डिस्क आणि जुन्या धाटणीचं हायड्रॉलिक स्टेअरिंग. हाताला रस्ता कळतो असं स्टेअरिंग आता मिळत नाही. पण गाडी जड आहे आणि फियाटचं दुकान आपल्याकडून उठलंय, सुट्या भागासाठी दारोदार फिरावं लागतं. बलेनो आरएस कागदावर 102 पीएसची, म्हणून कोणी विचारत नाही. मात्र ती हजार किलोच्या आतली आणि चारही डिस्कवाली आहे. हलकी गाडी ब्रेक आणि टायर दोन्ही वाचवते. शिकायला मला ती फार आवडते. चाकणची तुमची पोलो या दोघींच्या मध्ये कुठेतरी बसते, आणि तिची चासी तिच्या इंजिनापेक्षा जास्त पुढारलेली आहे.

एक कटू गोष्ट. तुमची विमा पॉलिसी काढा आणि 'वापराच्या मर्यादा' हा भाग वाचा. आपल्याकडच्या प्रमाणित मोटार पॉलिसीत संघटित शर्यती, वेगचाचणी वगैरे वापर वगळलेले असतात. ट्रॅक डे शर्यत नाही असा वाद घालता येतो, पण तो वाद ठोकलेली गाडी दारात उभी करून घालावा लागतो. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपला, असं धरूनच जा. पहिल्या दिवशी सत्तर टक्क्यांनी चालवायचं हे सांगणं मग आपोआप पटतं.

सेशन पंधरा-वीस मिनिटांचं असेल. ते सगळं वाजवायचं नसतं. एक लॅप गरम व्हायला, तीन किंवा फार तर चार जोरात, एक थंड व्हायला, की बाहेर या. मग किमान अर्धा तास गाडीला विश्रांती. पोरं म्हणतात, पैसे भरलेत तर पूर्ण वेळ का नाही पळवायचं? कारण पाचव्या लॅपला टायर घसरत असतात, ब्रेक लांबत असतात, इंजिनाने ताकद मागे घेतलेली असते आणि तुम्हीही थकलेले असता. तो लॅप तिसऱ्यापेक्षा हळू असतो आणि त्यातून काही शिकायलाही मिळत नाही.

ट्रॅकवर शिरताना गाडी रिकामी हवी. डिकीतला जॅक, पाण्याच्या बाटल्या, दाराच्या कप्प्यातले गॉगल, सगळं बाहेर. चालकाच्या पायाखालचं मॅट आधी काढा, ते सरकून पेडलखाली अडकलं तर वर सांगितलेलं सगळं वाया. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती असेल तर त्याला सन्मानाने पॅडॉकमध्ये बसवा. दुहेरी टेप 55 अंशांच्या काचेखाली मऊ होते आणि पहिल्या जोरदार ब्रेकला बाप्पा काचेवर येतात. पुढचा टो हुक (गाडी ओढून न्यायचा) लावून ठेवा. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पातळ तळव्याचे बूट.

चाकांचे बोल्ट (पोलोला नट नसतात, बोल्ट असतात) टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरावर आवळणाऱ्या) 120 न्यूटन मीटरवर बघून घ्या. निघण्याआधी एकदा, आणि पहिल्या सेशननंतर चाक निवल्यावर पुन्हा. पान्यावर उभं राहून आवळणारे महाभाग प्रत्येक पॅडॉकमध्ये असतात, त्यांच्या हातात पाना देऊ नका.

परतीचं. ट्रॅकवरून थेट बाराशे किलोमीटरला निघू नका, रविवारची रात्र कोइम्बतूरला काढा. सोमवारी सकाळी गाडी थंड असताना टायरची हवा, इंजिन ऑइलची पातळी, कूलंटची पातळी बघा, आणि पुढच्या डाव्या टायरवरून सावकाश हात फिरवा, बाहेरच्या कडेला तुकडा निघालाय का. पहिले दहा किलोमीटर रेडिओ बंद. चाकातून नवीन आवाज येत असेल तर तो तिथेच ऐकू यायला हवा, चित्रदुर्गच्या पुढे रात्री नव्हे.

घरी आल्यावर त्या आठवड्यात पुढची चाकं उतरवा आणि चारही पॅडची जाडी मोजा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला असेल तर कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना अडकताहेत, त्या साफ करून ग्रीस करून घ्या. तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर पॅड बदलायचेच. ब्रेक ऑइलचीही पुन्हा एकदा हवा काढा. जास्त उत्कलनबिंदूचं ऑइल ओलावाही लवकर धरतं, आणि आपला जून फार लांब नसतो.